वाफेच्या जमान्यातला गॉगल

गॅदरिंगचा सीझन म्हणजे काय असतं, हे ज्याच्या घरात ड्रेपरीचा धंदा आहे त्यालाच विचारावं. बाकीच्यांना त्यात पोरांची नाचगाणी दिसतात, लाइटिंग दिसतं, फोटो काढायला धडपडणारे आईबाप दिसतात. त्रिशलाकाकूंना फक्त घामाचा वास येतो. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानातून भाड्यानं कपडे जायला लागतात ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि जानेवारी सरेपर्यंत ते नुसते फिरत राहतात. सकाळी एका शाळेतून मावळ्यांचे डगले परत आले, की दुकानात कामाला असलेल्या शालूबाई त्यांवर गुलाबपाणी शिंपडणार, वरवर इस्त्री फिरवणार, आणि दुपारी तेच डगले दुसऱ्या शाळेच्या अंगावर. धुवायला सवड कुणाला आहे? घटकाभर उन्हात टांगले तरी पुष्कळ झालं.

काकू पंचावन्नच्या आसपास असतील. त्यांच्या गुडघ्यांचं वय मात्र त्याहून बरंच जास्त आहे. दिवसभर स्टुलावर चढायचं, वरच्या फळीवरचं गाठोडं खाली घ्यायचं, सोडायचं, मोजायचं, बांधायचं, पुन्हा चढायचं. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. मग नवऱ्यानं, तात्यासोंनी, ते नावारूपाला आणलं. तात्यासो गेल्यावर भावकीतले सगळे म्हणाले, आता हे विकून टाका. काकू "बघू" म्हणाल्या आणि दुसऱ्या सीझनला उभ्या राहिल्या. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विकायचं असं दर जानेवारीत ठरतं आणि फेब्रुवारीत जरा झोप झाली की राहून जातं.

तात्यासोंचा एक नियम होता. दारात आलेलं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं परत जाता कामा नये. कुणी बादशहाचा झगा मागितला आणि तो बाहेर गेलेला असला, तर वजिराच्या झग्याला भारीतली पट्टी लावून द्यायची. ऋषीची दाढी नसली तर सांताक्लॉजची काळ्या रंगात बुडवून द्यायची. वेळ निभावून न्यायची, एवढंच. काकू हे इतक्या चांगल्या शिकल्या की आता त्यांना विचारही करावा लागत नाही. समोरच्यानं वस्तूचं नाव काढलं की डोक्याच्या आधी हात खुंटीकडे जातो.

ह्या नियमाची झळ घरात एकाच माणसाला बसली. आदितीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला. सगळ्या गल्लीतल्या पोरींना वाटायचं, आदीची मजा आहे, तिच्या घरात सगळे ड्रेस. पण ड्रेपरीवाल्याच्या पोराला काय मिळतं? गिऱ्हाइकांचं भागवून खुंटीवर जे उरेल ते. बालवाडीत ती झाड झाली, कारण झाडाचा ड्रेस कुणी नेला नव्हता. दुसरीत अस्वल. चौथीत बाईंनी तिला ताराराणी केलं, तेव्हा काकूंनी निळा शालू आणि ढाल-तलवार बाजूला काढून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी गडहिंग्लजची एक शाळा पहाटेची एसटी धरून दारात आली, त्यांचीही ताराराणी होती, आणि तात्यासोंनी गाठोडं बांधून दिलं. आदिती दासी होऊन गेली. तिची राणी ऐनवेळी दुसऱ्याच मुलीनं केली. काकू बघायला गेल्या नव्हत्या, सीझनमध्ये जाणार कशा? संध्याकाळी विचारलं, कसं झालं गं, तर पोरगी "छान झालं" म्हणाली आणि जेवून झोपली. त्यानंतर तिनं दुकानातलं काहीही कधी मागितलं नाही. गॅदरिंगमध्ये भागच घ्यायची सोडली म्हणा ना.

ती आदिती आता पुण्यात एका कंपनीत आहे. गेल्या नोव्हेंबरात तिचा फोन आला तेव्हा काकू जिरेटोपांना मोती शिवत बसल्या होत्या.

"आई, तुझ्याकडं गॉगल असतील का गं?"

"कसला? व्हिलनचा का हिरोचा?"

पलीकडं आदिती हसली. मग तिनं समजावून सांगितलं. पुण्यात पोरं-पोरी सोंगं घेऊन एका मोठ्या हॉलमध्ये जमतात. जानेवारीतल्या एका रविवारी तसा कार्यक्रम आहे, स्पर्धा आहे, आणि त्यांच्या ग्रुपनं ठरवलंय स्टीमपंक.

"म्हंजे?"

"म्हणजे असं समज, वीज आणि पेट्रोल कधी आलंच नाही. सगळं जग वाफेवरच चालत राहिलं. गाड्या, विमानं, घड्याळं, सगळं. त्या जगातली माणसं कशी राहतील, तसले कपडे. कोट, हॅट माझ्याकडं हाय. पण गॉगल पाहिजे. त्याच्याबिगर ते सोंग पुरं होत न्हाय."

काकू सुईत दोरा ओवायची थांबल्या. "म्हंजे बॉयलरवरची माणसं म्हण की."

काकूंचे वडील एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. भट्टीची आग बघायला ते एक निळी काच डोळ्यासमोर धरायचे. घरी येताना अंगाला तेलाचा, राखेचा वास यायचा. हे सगळं काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं.

"व्हय, अगदी तसंच," आदिती म्हणाली. "अगं, तुला माझ्या मैत्रिणींपेक्षा लवकर कळलं."

फोन ठेवल्यावर काकूंनी सुई जिरेटोपात खोचून ठेवली. सोळा-सतरा वर्षांत पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. ह्या वेळी तिला उरलंसुरलं द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी घट्ट धरलं. त्यांना फार बरं वाटलं आणि फार भीतीही वाटली, कारण सीझन तोंडावर होता आणि स्वतःला त्या चांगल्या ओळखून होत्या.

आधी निवड. आदितीनं मोबाइलवर ढीगभर फोटो पाठवले. काकूंनी ते चष्मा लावून, मोठे करून पाहिले. कुठल्या गॉगलला खिळे लावलेले, कुठल्याला साखळ्या, आणि बऱ्याच जणांवर घड्याळातली दातेरी चाकं नुसती चिकटवलेली.

"ही चाकं कशाला लावल्यात? फिरत्यात काय?"

"न्हाय गं. नुसती शोभेला."

"मग काढ ती. जे काम करत न्हाय ते कामाच्या माणसाच्या डोक्यावर कशाला?"

आदितीला हे इतकं पटलं की तिनं ते ग्रुपवर लिहून टाकलं. खिळेही नकोत असं ठरलं. गोल काचा, पितळेची कडी, रुंद पट्टा, आणि एका डोळ्यावर वर उचलता येईल अशी जादा काच. बस्स. ऑनलाइन मिळतात ते प्लास्टिकचे, त्यांना वरून सोनेरी रंग फासलेला. ते घ्यायचे नाहीत, आपण करायचा.

मग काकू उद्यमनगरात गेल्या. तिथं वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात त्यांनी गॉगल मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्या वयात वेल्डिंग शिकायलासा काय?" काकू म्हणाल्या, "व्हय, डोस्क्याला टाका मारायचाय." त्यानं तीन-चार तऱ्हा काढल्या. एक चौकोनी, सबंध काचेचा. तो घातला की माणूस दवाखान्यातला वाटतो. दुसऱ्याच्या गोल काचा एवढ्या मोठ्या की नाकच दिसेना. तिसरा गॅस वेल्डरचा जुन्या पद्धतीचा, दोन वाट्यांसारखे गोल डोळे आणि वर उचलायच्या काळ्या काचा. काकूंनी तो घालून गल्ल्यामागच्या आरशात पाहिलं. काही म्हणजे काही दिसलं नाही. पण हाच, हे त्यांना हाताला कळलं.

पुढचे काही दिवस दुपारचं जेवण झाल्यावर त्या तो घेऊन बसायच्या. काळ्या काचा काढल्या, तिथं स्टेजच्या दिव्यांना लावतात तो पिवळा जिलेटिन कागद कापून बसवला. प्लास्टिकच्या कडांवर भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या स्टोव्हच्या पितळी कड्या चढवल्या. पट्टा खरा चामड्याचा शोभला असता, आणि कोल्हापुरात चामड्याला काय तोटा? पण जैनाचं घर, सासूबाईंच्या काळापासून दुकानात चामडं शिरलेलं नाही, मावळ्यांचे कमरपट्टेसुद्धा रेक्झिनचे. काकूंनी तपकिरी रेक्झिनचा पट्टा शिवला. आणि मग ज्या हातांनी आयुष्यभर मुकुट केले त्यांना राहवलं नाही. पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं आणि पट्ट्याच्या कडेला बारीक सोनेरी जर लावली. फोटो पाठवला.

"छान झालाय," आदितीचं उत्तर आलं.

हे "छान" काकूंनी पूर्वी ऐकलेलं होतं. त्यांनी लगेच फोन लावला. "काय चुकलं ते सांग. सरळ सांग."

आदितीनं आढेवेढे घेतले, मग म्हणाली, "आई, तो नवा दिसतोय. लगीनघरातला वाटतोय. बॉयलरवरच्या माणसानं रोज घातलेला दिसला पाहिजे."

स्टेजची गोष्ट वेगळी असते. तिथं शेवटच्या रांगेतल्या माणसाला चमकलं पाहिजे, म्हणून सगळं झगमगीत. जुनं नवं दिसावं म्हणून काकूंनी उभी हयात घालवली, आता नव्याचं जुनं करायला बसल्या. जर उसवली. पितळाला मीठ-लिंबू लावून तसंच रात्रभर ठेवलं, मेणबत्तीचा धूर दिला. पट्टा दगडावर घासला, चहाच्या पाण्यात बुडवला, बोटं जिथं लागतात तिथं तेलाचा हात फिरवला. शालूबाई हे बघून हबकल्या. चांगल्या पितळाची अशी दशा केलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

शेवटी राहिलं घालायचं कसं. आदितीनं व्हिडिओवर शिकवलं. डोळ्यांवर घालायचाच नाही. डोळ्यांवर घातला की चेहरा मरतो आणि माणूस बेडकासारखा दिसतो. हॅटच्या वर, पट्ट्याच्या जागी बसवायचा, नाहीतर कपाळावर, केस जिथं सुरू होतात तिथं. किंचित तिरका. जणू आत्ताच काम थांबवून माणसानं तो वर सारलाय आणि पुन्हा खाली ओढणार आहे. काकूंनी दुकानातल्या आरशापुढं डोक्यावरचा पदर मागं सारून तो कपाळावर चढवला. थोडा डावीकडं. चेहरा दमलेला होता, डोळ्यांखाली काळं होतं, आणि गॉगल शोभला. असल्या चेहऱ्यालाच तो शोभतो, हे काकूंना तेव्हा कळलं.

"वैनी," शालूबाई मागून म्हणाल्या, "पवायला हिरीत उतरायलासा काय?"

पुढचा फोटो गेला त्याला आदितीनं उत्तरच दिलं नाही, सरळ फोन केला. "कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शनिवारी मी स्वतः न्यायला येते," ती म्हणाली. "कुरिअर नको, मोडेल."

काकूंनी गॉगल डोळ्यासमोर राहावा म्हणून गल्ल्यामागच्या खुंटीवर अडकवला. चूक झाली ती इथं. वर घरात न्यायचा, कपाटात कुलूपबंद करायचा. ड्रेपरीच्या दुकानात खुंटीवर जे टांगलेलं असतं ते भाड्याचं असतं. चाळीस वर्षं ह्या घरात हेच चालत आलेलं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात गुरुवारी तर माणसं रस्त्यापर्यंत होती. मलकापूरच्या शाळेला कोळीनृत्याच्या साड्या कमी पडलेल्या, कुणाच्या कृष्णाला मुकुट मोठा होत होता, एक बाप वाघाचं शेपूट हातात घेऊन भांडत होता. काकू पहाटेपासून उभ्या होत्या. त्यांना जेवल्याचं आठवत नव्हतं. कसबा बावड्याच्या शाळेतल्या अनुजा मॅडम, जुनं गिऱ्हाईक, गर्दीतून पुढं आल्या आणि म्हणाल्या, काकू, तेवढा पायलटचा गॉगल असला तर बघा ना, जॅकेट आहे, टोपी आहे, गॉगलच नाही. काकूंनी मान वर केली नाही. त्या पिशवीला गाठ मारत होत्या. त्यांचा डावा हात मागं गेला, खुंटीवरून वस्तू निघाली, पिशवीत पडली.

शनिवारी बारा वाजता आदिती आली. दारातच सँडल काढता काढता म्हणाली, "कुठं हाय माझा गॉगल?"

काकू कौतुकानं वळल्या. खुंटी मोकळी होती.

त्यांनी आधी खाली पाहिलं, मग गल्ल्याच्या मागं, मग मुकुटांच्या खोक्यात. शालूबाई इस्त्री थांबवून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वैनी, परवा तुम्हीच दिलासा की. बावड्याच्या बाईस्नी. मला वाटलं, दुसरा केलाय पोरीसाठी."

काकू स्टुलावर बसल्या. आपण दिला हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. पोरगी चिडेल, रडेल, चार शब्द सुनावेल, ह्याची त्या वाट बघत राहिल्या.

"मला वाटलंच होतं," आदिती म्हणाली.

राग नव्हता आवाजात. तिनं पाठीवरची सॅक सोडली आणि आतून एक खोकं काढलं. खोक्यात गॉगल होता. प्लास्टिकचा, वर सोनेरी रंग, कडेला चिकटवलेली दातेरी चाकं. "मागवून ठेवलेला. असू दे म्हणून."

पोरगी पाच तासांचा प्रवास करून आली होती ती आशेनं, आणि हा गॉगल मागवला होता तो आईला ओळखून. दोन्ही एकाच पोरीनं केलं होतं. ओरडली असती तर काकूंना सोसवलं असतं.

"मी जातो बावड्याला. आत्ता आणतो," काकू उठत म्हणाल्या.

"आज त्यांचं गॅदरिंग असेल ना? मग बारक्या पोराच्या डोक्यावरनं काढून आणणार काय?" आदितीनं खोकं सॅकमध्ये टाकलं. "राहू दे आई. हा चालतोय की."

तिनं हातपाय धुतले, आमटी-भात खाल्ला, आणि जाता जाता साड्यांचा एक ढीग घडी घालून दिला. आठ वाजता पुण्यात ग्रुपची तालीम होती. दोनच्या गाडीला ती निघाली. काकू गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेल्या. पोरीनं रिक्षात बसताना हात केला आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

परत येऊन काकूंनी एक फेटा हातात घेतला, ठेवला, दुसरा घेतला. मग शालूबाईंना "बघा जरा" म्हणून त्या तशाच निघाल्या. कशासाठी, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. गाडी तर गेलीच होती.

बावड्याच्या शाळेच्या मैदानात मांडव होता आणि मांडवामागं कनात लावून पोरं उभी केली होती. काकूंनी आपले कपडे लांबूनच ओळखले. पायलट मुलगी तिसरी-चौथीतली असेल, मोना नावाची. मोठ्या भावाचं जॅकेट घोट्यापर्यंत आलेलं, आणि डोळ्यांवर तो गॉगल करकचून बांधलेला. अनुजा मॅडमनी काकूंना बघितलं, काकूंनी थोडक्यात काय झालं ते सांगितलं. मॅडम भल्या बाई. त्यांना फार वाईट वाटलं.

"मग काढून न्या काकू, तुमचाच आहे. मोनाला असंच पाठवते मी. काय गं मोना, चालेल ना?"

मोनानं सगळं ऐकलं होतं. तिनं एकदा मॅडमकडं पाहिलं, मग दोन्ही हातांनी पट्टा मागून सोडवायला लागली. तक्रार नाही, हट्ट नाही. पट्ट्यात केस अडकले, तरी ओढून सोडवत होती. कपाळावर गॉगलचा वळ उठला होता. "चालेल," ती म्हणाली.

काकूंनी हे पूर्वी बघायला हवं होतं आणि बघितलं नव्हतं. चौथीतली एक पोर निळा शालू दुसऱ्याच्या गाठोड्यात जाताना अशीच उभी राहिली असणार, आणि त्या वेळी आई दुकानात मोती मोजत होती. आत्ता ह्या पोरीच्या हातातून तो घ्यावा, तर आपल्या पोरीचं भागतं. पण त्यासाठी हिला दासी करायची. काकूंना स्वतःची शिसारी आली.

"राहू दे, राहू दे," त्या खाली बसत म्हणाल्या. गुडघे कडकडले. "ये इकडं. डोळ्यावर घालायचा नसतोय हा. तुझं तोंड कसं दिसंल मग लोकास्नी?"

त्यांनी पोरीचे केस सोडवले, टोपी नीट बसवली, गॉगल टोपीवर चढवला आणि थोडा डावीकडं झुकवला. पट्टा सैल होता तो मागून सेफ्टी पिनेनं आवळला. मोनाचा चेहरा उघडा पडला. एक दात पडलेला होता.

मोनाचा नंबर शेवटून दुसरा होता. काकू मांडवात एका खुर्चीवर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकही गॅदरिंग पुरं पाहिलेलं नव्हतं. मावळे आले, कोळणी आल्या, वाघ शेपटासकट पडला, लोक हसले. काकूंना मध्येच डुलकी लागली. जागं होऊन पाहतात तो मोना स्टेजवर, हात पसरून गोल गोल धावतेय. नाचाचं फार काही नव्हतं, पण तिनं एकदा थांबून वरचा गॉगल झटक्यात डोळ्यांवर ओढला, आणि मांडवातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"ह्याच्यातनं सगळं पिवळं दिसतंय," परत देताना ती म्हणाली. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "काकू, मंगळवार पेठ?"

"स्टँडवर घे," काकू म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं की असं ठरलंय.

रिक्षातून त्यांनी शालूबाईंना फोन लावला. शटर ओढा आणि किल्ली शेजारी द्या. उद्या येणाऱ्या दोन्ही शाळांना सांगा, जमत नाही.

"जमत न्हाय?" शालूबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "वैनी, दोन्ही जुनी गिऱ्हाइकं हायत. परत दारात उभी राहायची न्हाईत ती."

"न्हाईत तर न्हाईत."

सीझनमध्ये ते शटर कधी पडलेलं नव्हतं. तात्यासो जानेवारीतच गेले, तेवढेच दोन दिवस दुकान बंद होतं, आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी सुजलेल्या डोळ्यांनी गाठोडी सोडली होती. आदिती तेव्हा शाळेत होती. तिनं वह्या बाजूला ठेवून बटणं लावली होती.

साडेपाचची पुण्याची गाडी मिळाली. खिडकीशी जागा मिळाली. काकूंकडे एक पाकीट, एक मोबाइल आणि पदराखाली धरलेला गॉगल, एवढंच सामान होतं. कराड मागं पडलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण उतरणार पुण्यात, पण जाणार कुठं? पोरगी तीन वर्षं तिथं राहते. चार बोलावणी झाली, दर वेळी काहीतरी निघालं. आपल्या लेकीचं घर कुठल्या रस्त्याला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी फोन लावला.

"आई? काय गं? मी तालमीला निघालेय."

"आदे, तू राहतीस कुठं नेमकं? पत्ता सांग."

"का?"

"मी गाडीत हाय. कराड गेलं आत्ता."

"कराड? अगं, पण उद्या दोन शाळा हायत म्हणालीस ना. दुकान?"

"बंद केलंय."

गाडीनं खड्डा खाल्ला, काकूंनी समोरची दांडी धरली. आदिती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता.

"आई, कोण गेलं?"

काकूंना क्षणभर कळेना ती काय विचारतेय. मग कळलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दुकान बंद करून आई निघाली म्हणजे कुणीतरी मेलेलं असणार. पोरीनं आयुष्यभरात आईकडून एवढंच पाहिलं होतं.

"कोण न्हाय गं गेलं," त्या म्हणाल्या. "सगळी बरी हायत. तुझा गॉगल घिऊन आलोय."

काकूंना वाटलं, रेंज गेली. त्यांनी फोन कानापासून काढून पाहिला, चालू होता. पुन्हा लावला, आणि ऐकल्यावर कळलं की पोरगी रडतेय. तोंडावर हात धरून, आवाज येऊ नये म्हणून, पण येत होता. शेजारच्या बाईनं "काय झालं वो?" म्हणून विचारलं, तिला त्यांनी मानेनं "काही नाही" सांगितलं, आणि फोन तसाच कानाला लावून बसून राहिल्या.